पुण्याच्या बेटाची कैफियत

मी टेकडी बोलतेय. तुम्हाला समोर पाण्यात बसलेलं एक हिरवं बेट दिसत असेल, आणि होडीवाल्यानं इंजिन बंद करून "हे आमचं पुण्याचं बेट, इथे पुण्य पदरात पडतं" असं कौतुकानं सांगितलंही असेल. त्याला बोलू द्या, बिचारा पोटासाठी बोलतो. पण मी जन्मानं टेकडी आहे. माझे पाय, गुडघे, कंबर सगळं खाली पाण्यात आहे. तुम्ही बघताय ते नुसतं डोकं.

इथे, समुद्रापलीकडच्या या बौद्ध मुलखाच्या दक्षिणेत, पूर्वी आम्ही टेकड्या एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. मी त्यांत मोठी नव्हते, देखणीही नव्हते. माझ्या पायथ्याशी गाव होतं, गावाच्या अंगाला ड्युरियनच्या, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाच्या, आणि रबराच्या बागा होत्या, आणि वर नुसतं जंगल. माझ्याकडे उंबराच्या जातीची झाडं भरपूर. ती पिकली की धनेश यायचे, भेकरं यायची, लांब हातांची गिबन माकडं झुलत यायची, कधी एखादा हत्ती अंग घासून जायचा. फळं संपली की सगळे पलीकडच्या टेकडीवर. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एकीच्या घरचं संपलं की दुसरीकडे जेवायला बसायचं, अशीच आमची रीत होती. माझ्या अंगावर कायमचं असं फार थोडं कुणी राहत असे; बाकी सगळे येऊन-जाऊन.

मग खाली दोन डोंगरांच्या मध्ये धरणाची भिंत उभी राहिली. गावाला आधी सांगून उठवलं. गाडीत खाटा भरल्या, कोंबड्या भरल्या, देव्हाऱ्यातली मूर्ती मांडीवर घेऊन बायका बसल्या. जंगलाला मात्र कुणी सांगितलं नाही.

पाणी चढायला लागलं तसे माझ्या अंगावरचे आणि आसपासचे सगळे वर पळाले. पिसोरी हरणं, साळिंदरं, उदमांजरं, खवले मांजर, झाडांवरची माकडं, सगळे जीव मुठीत धरून माझ्या डोक्यावर येऊन बसले. मला वाटलं, पाहुणे आलेत. पाणी उतरलं की जातील.

पाणी उतरलं नाही. आता विडा तोंडात टाकून होडीनं माझ्याभोवती निघालात, तर तो चघळून होईस्तोवर प्रदक्षिणा पुरी होते. एवढीच मी उरले.

पहिली एक-दोन वर्षं माझ्याकडे काय गर्दी होती! लोक होड्या भरभरून बघायला यायचे. जिकडे बघावं तिकडे प्राणी. या बेटावर जनावरं किती सुखात आहेत, असं म्हणायचे. सुखात नव्हती हो. लग्नघरात माणसं दिसतात तशी दिसत होती, आणि लग्नघराचं धान्य किती दिवस पुरतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग एकेक कमी होत गेलं. कुणी मारलं नाही. बंदूक वाजली नाही, फास लागला नाही. भेकरं सगळ्यांत आधी गेली, कारण त्यांना पोटभर चरायला माझ्यासारख्या दहा लागतात. खवले मांजराला मुंग्या पुरेनात. पिसोऱ्यांपैकी शेवटी एक मादी उरली. ती माझ्या अंगावर कितीतरी वर्षं एकटीच हिंडली. संध्याकाळी पाण्याच्या कडेला यायची, कान टवकारून पलीकडे बघायची आणि परत जायची. तिला जोडीदार कुठून आणणार मी? एक दिवस ती आली नाही, एवढंच.

झाडांचंही तेच. पूर्वी चारी बाजूंनी जंगल होतं, त्यामुळे वारा माझ्यापर्यंत पोचायचा तो दमून. आता तो तळ्यावरून मोकाट येतो. कडेची मोठी झाडं वाळली, पडली. त्यांच्या जागी बांबू आणि वेली माजल्या. उंबरं मधोमध आहेत तेवढीच टिकली. आणि उंदीर वाढले. इतर कुणाला पुरत नाही ते उंदरांना पुरतं.

गिबनांचं एक कुटुंब मात्र तग धरून आहे. काळी मादी, तिचा नर आणि पिल्लू. गिबनाला पोहता येत नाही, त्यामुळे त्यांचं जग म्हणजे मीच. दर सकाळी ती काळी सगळ्यांत उंच झाडावर चढते आणि लांबलचक हाक घालते. आवाज वर वर चढत जातो, मग थरथरत खाली येतो. इथले लोक थट्टेनं म्हणतात, नवऱ्याला हाका मारतेय. नवरा तर शेजारीच बसलेला असतो. ती सांगत असते, ही जागा आमची आहे, दुसऱ्या कुणी इकडे फिरकू नका. ऐकायला फार गोड लागतं, हे मलाही मान्य आहे.

आता पुण्याचं सांगते.

जी घरं गावाबरोबर गेली नाहीत ती पाण्यावरच राहिली, बांबूचे तराफे बांधून. मासे धरायचे, सुकवायचे, बाजाराला न्यायचे. पलीकडच्या काठावर त्यांचा छोटा विहार आहे. मध्यंतरी लाकूडचोर माझ्याकडे वळले तेव्हा विहारातले भंते स्वतः होडीत बसून आले आणि त्यांनी माझ्या मोठ्या झाडांना चीवर बांधलं, रक्षणाचा परित्राण पाठ म्हटला. इकडे ही पद्धत आहे. भगवं वस्त्र ल्यालेल्या झाडाला कोण कुऱ्हाड लावणार? चोर परत आले नाहीत. भंतेंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पण त्यानंतर लोकांच्या मनानं घेतलं की ही जागा पवित्र झाली. इथे माणूस मेला की, किंवा आजारातून उठला की, एखादा पकडलेला जीव सोडून पुण्य जोडतात. पूर्वी पक्षी सोडायचे, मासे सोडायचे. आता कुणी पिंजऱ्यातलं उदमांजर आणायला लागलं, कुणी मोठ्या डोळ्यांचं लाजवंती माकड, कुणी खार. इथे वाघ नाही, शिकारी नाही, चारी बाजूंनी पाण्याचं कुंपण, असं एकमेकांना सांगायचे. आणि खरं सांगू का, मी जवळ आहे. खरं मोठं जंगल, जिथे दिवसभर चाललं तरी पलीकडची कड लागत नाही, ते तळ्याच्या त्या टोकाला आहे. तिथे जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो आणि डिझेल जळतं ते वेगळं. माझ्याकडे सकाळी येऊन जेवायला घरी पोचता येतं.

सोडलेलं प्रत्येक जनावर पहिल्या दिवशी आनंदानं उड्या मारतं. तो आनंद बघून लोक हात जोडतात आणि जातात. पुढचं मी बघते. उपोसथाचा दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या, आली की मी येणाऱ्या होड्या मोजत बसते.

लामोमबाई आणि त्यांचे यजमान चियाम यांचा तराफा सगळ्यांत जवळ. त्यांची ड्युरियनची बाग माझ्याच पायथ्याशी होती. ती बुडाली तेव्हा दोघांनी तराफा नेमका बागेवर आणून बांधला. चियाम म्हणायचा, जमीन आपलीच आहे, जरा खाली गेलीय इतकंच. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा बाजारात कुणीतरी आई मारून आणलेलं गिबनाचं पिल्लू विकत होतं, ते चियामनं उचललं. फिकट, सायीच्या रंगाची मादी. तिचं नाव ठेवलं नुआन. ती चियामच्या गळ्यात हात टाकून जाळी ओढताना बघायची, चिकट भाताचे गोळे त्याच्या ताटातून खायची. सातोच्या उग्र वासाच्या शेंगा भाजीसाठी सोलायला लामोमबाई बसल्या की ही पुढ्यात येऊन निम्म्या पाण्यात फेकायची आणि बोलणी खायची.

चियाम छातीच्या दुखण्यानं गेला. शंभराव्या दिवसाचं पुण्यकर्म आलं तेव्हा त्याचा धाकटा भाऊ फान म्हणाला की दादाच्या नावानं जीव सोडला पाहिजे, आणि जो आपल्याला सगळ्यांत लाडका तोच सोडला पाहिजे, तर ते खरं दान. फान वाईट माणूस नाही. भावाच्या आजारपणात त्यानंच उचलून बसवलं, पुसलं, भरवलं. लामोमबाई दोन दिवस नुआनला आपल्याच ताटातून भरवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुआनला अंघोळ घातली.

माझ्या काठाला होड्या लागल्या. फाननं लहान सुरईतून वाटीत पाण्याची धार धरली, बाकीच्यांनी एकमेकांच्या कोपराला हात लावले, म्हणजे पुण्य सगळ्यांकडून चियामला पोचतं. लामोमबाईंनी नुआनच्या कमरेचा पट्टा सोडला. ती आधी त्यांच्याच खांद्यावर चढली. त्यांनी तिला उतरवून झाडाला लावलं आणि मागे न बघता होडीत जाऊन बसल्या. त्यांच्या पाठीकडे बघत नुआन बराच वेळ फांदीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळीनं तिला पाहिलं. काळीला मी दोष देत नाही. तिच्या पिल्लाला पुरतील एवढीच उंबरं माझ्याकडे आहेत, त्यांत आणखी एक तोंड आलेलं. तिनं नुआनचा कान फाडला, नरानं पाठलाग केला. मोठ्या जंगलात असं झालं तर हरलेलं माकड पुढच्या टेकडीवर जातं, तिथेही कुणी असलं तर त्याच्या पुढच्या. कुठेतरी कोपरा मिळतोच, कधी जोडीदारही मिळतो. माझ्यावर ती जीव घेऊन पळाली आणि थोड्याच झाडांनंतर पाणी लागलं. डावीकडे पळाली, पाणी. उजवीकडे पळाली, तिथेही पाणी. शेवटी ती कडेच्या वाळक्या झाडांत राहायला लागली. तिथे खायला कोवळी बांबूची पानं आणि किडे. वरून ऊन. माझ्या मधोमध उंबर पिकलेलं तिला वास येऊन कळायचं, पण जायची सोय नव्हती.

मी काय करणार? मला हात नाहीत. एखादी फांदी तिच्या दिशेला वाकवावी म्हटलं तर तेही माझ्या हातात नाही.

आणि लामोमबाई रोज सकाळी यायच्या. लांबवर इंजिन बंद करायच्या आणि बसून राहायच्या. केळी घेऊन येणार होत्या, पण फाननं समजावलं होतं की दिलेलं दान पुन्हा हाताळायचं नसतं, नाहीतर दादाला पोचलेलं परत ओढल्यासारखं होतं. म्हणून त्या नुसत्या कान देऊन बसत. काळीची हाक सुरू झाली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांना वाटायचं नुआन गातेय. घरी जाऊन त्या चियामच्या फोटोला सांगत, शेजारणींना सांगत, की आज पोरीनं फार लांबवर सूर धरला होता. ज्या हाकेनं नुआन फांदीला घट्ट चिकटून डोळे मिटून घ्यायची, तीच हाक ऐकून ही बाई सुखानं रडायची. असं आठ-नऊ महिने चाललं. माझ्या डोळ्यांदेखत.

वर्षश्राद्धाला सगळे पुन्हा आले. झाडांना नवीन चीवर बांधायचं होतं. भंते होते, फान होता, तराफ्यांवरची चार-पाच घरं होती. लामोमबाईंच्या होडीचं इंजिन नुआननं ओळखलं. ती कडेच्या एका वाळलेल्या झाडावरून, पाण्यावर गेलेल्या शेवटच्या फांदीवर आली. लोकांना केवढा आनंद झाला. बघा, मालकिणीला भेटायला आली, म्हणून एक बाई टाळ्या वाजवायला लागली.

लामोमबाई हसत होत्या. तेवढ्यात माझ्या मध्यावरून काळीनं हाक घातली. सूर वर वर चढत गेला, थरथरला, सगळं तळं भरून गेलं. लोक ऐकत उभे राहिले.

लामोमबाई मात्र नुआनकडे बघत होत्या, आणि नुआनचं तोंड मिटलेलं होतं.

मी त्यांचा चेहरा पाहिला. हसू हळूहळू गेलं. आता कुठे त्यांना तो फाटका कान दिसला, हातांवरचे केस गेलेले दिसले, बरगड्या दिसल्या. हाक संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी वल्हं घेऊन होडी झाडाखाली नेली आणि दोन्ही हात वर केले.

"वहिनी, काय करताय?" फान काठावरून म्हणाला.

"घरी नेतेय."

"वर्षश्राद्धाच्या दिवशी? दादाच्या नावानं सोडलेली आहे ती. तुम्ही दादाच्या ताटातलं काढून घेताय."

लामोमबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या दादानं उपाशी पोराला बाजूला बसवून कधी घास खाल्लाय का, भाऊजी? आठवून बघा, आणि मग मला सांगा."

नुआन त्यांच्या अंगावर उतरली. सोडायच्या आधी त्यांना तिचं ओझं व्हायचं, आता झालं नाही. त्यांनी तिला पदरासारख्या ओढणीत गुंडाळलं. भंते म्हणाले, जीव वाचवण्यात पाप नसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर मात्र कुणी त्यांच्या तराफ्यावर जेवायला गेलं नाही, आणि बायका एकमेकींत म्हणायच्या की लामोमनं मेलेल्या नवऱ्याचं पुण्य घरात आणून बांधलंय.

लामोमबाईंनी ते अंगाला लावून घेतलं नाही. भाताचे गोळे भरवून नुआनला हळूहळू उभी केली. पावसाळा संपला की तिला तळ्याच्या त्या टोकाच्या जंगलात न्यायचं त्यांच्या मनात आहे. तिथली जंगलखात्याची माणसं अशा माकडांची आधी जोडी जुळवतात, मग हळूहळू मोकळं करतात, असं त्यांनी कुणाकडून तरी विचारून घेतलंय. त्यासाठी मोठं इंजिन लागतं आणि ते फानकडे आहे. फान देत नाही. या सगळ्या गोष्टी मला होड्यांवरच्या बोलण्यातून कळतात.

मला वाटलं होतं, आता लोकांना कळलं. एकीनं डोळ्यांनी बघितलं, दुसऱ्यांनी तिच्याकडून ऐकलं. आता इथे कुणी काही सोडणार नाही.

आज सकाळी फान आला. वहिनी बाजाराला गेलेली बघून आला. बरोबर त्याची बायको होती, सुरई होती, आणि पिंजऱ्यात एक लहान गिबन. काळा, नर, अजून दुधाचे दातही पडले नसतील. लांबच्या एका खानावळीत गिऱ्हाइकांच्या करमणुकीला बांधलेला होता, तो फाननं सोडवून आणलेला. तो बायकोला म्हणाला की वहिनीनं काढून घेतलं त्यामुळे दादाचं अडलंय, त्या काळजीनं आपल्याला झोप येत नाही, ही तूट आपण भरून काढू. बोलताना तो हातातली सुरई पुन्हा पुन्हा पुसत होता. भावावर त्याची खरीच माया आहे हो. तेच तर दुखतं.

त्यानं पिंजरा उघडला. पोर बाहेर येईना, तर त्याला हातानं उचलून फांदीवर ठेवलं. बायकोनं त्याच्या कोपराला हात लावला आणि त्यानं पाण्याची धार सोडली. ते पाणी माझ्या मातीत मुरलं. मला ते नको होतं.

होडी काठापासून सुटली. पोर दोन फांद्या वर चढलं, भोवती बघायला लागलं. आणि वरून काळीनं हाक घातली.

फाननं लगेच इंजिन बंद केलं. बायकोचा हात धरला. दोघं डोळे मिटून, हात जोडून, हाक संपेपर्यंत पाण्यावर तरंगत राहिली.

"ऐकलंस?" फान म्हणाला. "पोचलं दादाला."

मग ते गेले. पोर आत्ता तुमच्या डाव्या हाताला आहे, त्या दुसऱ्या वाळक्या झाडावर, बुंध्याला बिलगून. नीट बघितलंत तर दिसेल. त्याचे फोटो काढू नका. हाका मारू नका, ते घाबरून आत पळेल आणि आत काळी आणि तिचा नर आहेत.

तुमची होडी परत जाताना तराफ्यांवरून जाईल. सगळ्यांत पहिला, बाहेर सातोच्या शेंगा वाळत घातलेला, तो लामोमबाईंचा. दुपारपर्यंत त्या बाजारातून येतात. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. तिथे क्षणभर थांबा आणि त्यांना एवढंच सांगा, की टेकडीवर पुन्हा एक आलंय, आणि ते अजून जिवंत आहे.